इस्त्रीच्या टेबलावरची जुळवणी

क्विल्ट शिकायला येणारी बहुतेक मंडळी पहिल्या दिवशी रंगांबद्दल विचारतात. कोणता निळा कोणत्या पिवळ्याशेजारी ठेवू, छापील कापडात साधं किती मिसळू, काठाला गडद घेऊ की फिकट. पुण्यात घरच्या घरी पॅचवर्कचे वर्ग घेणाऱ्या एक बाई त्या प्रश्नांची उत्तरं देतात, पण हातात आधी देतात पेन्सिल आणि चौकटीचा कागद. त्यावर ब्लॉकची, म्हणजे तुकडे जोडून होणाऱ्या चौकोनाची, उलटी बाजू काढायची. कुठली शिवण कुठल्या अंगाला वळणार ते प्रत्येक शिवणीवर बाण काढून दाखवायचं. सगळे बाण पूर्ण झाल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही.

नव्या विद्यार्थिनींना हे उलटं वाटतं. जी बाजू शेवटी झाकली जाणार, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? बाईंचं उत्तर ठरलेलं आहे. ब्लॉकमधले चौक, म्हणजे शिवणी एकमेकींना भेटतात त्या जागा, जुळतात ते इस्त्रीच्या टेबलावर. मशीन फक्त ती जुळवणी पक्की करतं.

हे मत एका दिवसात बनलेलं नाही.

त्यांच्या शिवणकामाची सुरुवात झाली सांगलीतल्या एका शिवणक्लासात. झबलं, परकर, फ्रॉक, मग कटोरी ब्लाउज, असा नेहमीचा क्रम. तिथली एक शिस्त हाडीमाशी मुरली होती: टीप मारून झाली की शिवण उघडायची, माया, म्हणजे टिपेबाहेर उरलेलं कापड, दोन्ही बाजूंना पाडायची आणि वरून इस्त्री फिरवायची. अंगावरच्या कपड्यासाठी हे योग्यच आहे. आत जाडी राहत नाही, शिवण टोचत नाही. लग्नानंतर त्या न्यू जर्सीला गेल्या आणि तिथल्या एका क्विल्ट गिल्डमध्ये जाऊ लागल्या. अमेरिकेत अशी गिल्डं गावोगावी असतात. महिन्यातून एकदा जमायचं, झालेलं काम दाखवायचं, कुणाचं काही अडलं असेल तर सोडवून द्यायचं. तिथल्या जुन्या बायका शिवण उघडतच नव्हत्या. दोन्ही माया मिळून एकाच अंगाला, बहुतेक वेळा गडद कापडाकडे. सांगलीच्या शिस्तीत वाढलेल्या बाईंनी कारण विचारलं. एका आजींनी काही न बोलता दोन जोड त्यांच्या हातात दिले आणि डोळे मिटून जुळवायला सांगितले.

ती परीक्षा त्या आजही प्रत्येक विद्यार्थिनीकडून करून घेतात. चार चौकोनांचा साधा ब्लॉक घ्यायचा: वरच्या जोडात डावीकडे फिकट, उजवीकडे गडद; खालच्या जोडात त्याच्या उलट. दोन्ही जोडांची माया गडद बाजूला बसवली की सुलटीवर सुलटी ठेवल्यावर एकीची माया डावीकडे जाते, दुसरीची उजवीकडे. मग शिवणीची जागा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून कापड हळूच सरकवायचं. एका ठिकाणी दोन्ही माया एकमेकींना येऊन भिडतात आणि थांबतात. आणखी पुढे ढकललं तर बोटाला उंचवटा लागतो, मागे ओढलं तर खाच लागते. मधल्या त्या एकाच जागी बोटांखाली सगळं सपाट असतं. तिथे टाचणी लावायची. उघडून इस्त्री केलेल्या शिवणींना हा अडसर नसतो, त्यामुळे तिथे सगळा भरवसा डोळ्यांवर आणि टाचण्यांवर.

आणखी एक बारकावा त्या आजींनीच दाखवला. मशीनखाली घालताना वरच्या थरातली माया सुईच्या दिशेला तोंड करून असावी. पुढे सरकणारं कापड आणि वरून दाबणारा मशीनचा पाय मिळून वरची माया खालच्या मायेवर दाबून बसवतात. उलट ठेवलं तर दोघींत बारीक फट पडण्याचा धोका असतो. चौक हातभर लांबूनही निसटलेला दिसतो, तो बऱ्याचदा या फटीमुळे.

क्विल्टची माया पाव इंच असते, म्हणजे टेलर आणि सुतार मोजतात तसे दोन सूत. ब्लाउजला आपण सढळ हाताने माया ठेवतो, पुढेमागे सैल करायला उपयोगी पडते म्हणून. इथे तसं चालत नाही. नऊ तुकड्यांचा ब्लॉक हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. अडीच इंचांचे नऊ चौकोन घेतले तर एका ओळीत साडेसात इंच कापड असतं. दोन शिवणी प्रत्येकी अर्धा इंच खातात आणि ब्लॉक साडेसहा इंचांचा उरतो. शेजारच्या ब्लॉकला जोडल्यावर तो सहा इंचांचा दिसतो. आता समजा, माया दोन सुतांऐवजी अडीच सूत घेतली गेली. फरक अर्ध्या सुताचा, नजरेला न दिसणारा. पण तो प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांना लागू होतो, म्हणून दोन शिवणींत मिळून पाव इंच गेला. ब्लॉक सव्वासहा इंचांचा झाला. शेजारी साडेसहा इंचांचा साधा चौकोन जोडायचा असेल तर तो पाव इंच जायचा कुठे? मग कापड ताणलं जातं, नाहीतर चुणी पडते. अशा दहा ब्लॉकांच्या ओळीत अडीच इंच गायब होतात.

आणि माया बरोबर पाव इंच घेतली तरी हिशोब पुरा होत नाही. शिवण एका अंगाला वळवली की कापडाची घडी टिपेवरून उलटते आणि त्या घडीत एक-दोन धाग्यांएवढं कापड जातं. म्हणून टीप पाव इंचाच्या किंचित आत, धागाभर कमी मायेवर मारतात. बाई हे मोजमाप मशीनवरच पक्कं करून ठेवतात. पारदर्शक पट्टी सुईखाली ठेवायची, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेच्या धागाभर आत टेकवायची, पट्टीच्या कडेला लागून मशीनच्या पाटावर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवायचे. कापडाची कड त्या छोट्या भिंतीला टेकून चालली की नजर सुईवर ठेवायची गरज उरत नाही.

न्यू जर्सीत असतानाच त्यांनी जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक क्विल्टचा टॉप विकत घेतला. टॉप म्हणजे नुसता जोडलेला वरचा थर. त्याला ना अस्तर लागलं होतं, ना मधला थर. शिवणारीने तो कधीच पुरा केला नव्हता, आणि म्हणूनच त्याची पाठ उघडी होती. ब्लॉक होता आठ टोकांच्या चांदणीचा: आठ समभुज तुकडे मधे एका बिंदूला येऊन मिळणारे. सगळं काम हातशिलाईचं. पुढून बघताना आठही टोकं सुईच्या अग्राएवढ्या जागेत भेटत होती. पाठ उलटली तेव्हा त्याचं कारण दिसलं. शिवणारीने धावदोरा तुकड्याच्या अगदी काठापर्यंत नेलाच नव्हता. पाव इंच आधीच थांबवला होता. त्यामुळे मध्यावर माया मोकळ्या राहिल्या होत्या आणि तिने त्या आठही माया एकाच दिशेने, एकीवर एक, गोल फिरवून बसवल्या होत्या. आठ शिवणींची जाडी एका जागी न साचता भोवताली वाटली गेली होती.

बाई या टॉपला आपला खरा शिक्षक मानतात. तोवर त्या शिवण कुठे वळवायची ते शिवून झाल्यावर ठरवत असत. त्या चांदणीच्या पाठीवर दिसलं की ते शिवण्याआधीच ठरलेलं होतं. धावदोरा कुठे थांबवायचा हे माया कुठे वळणार यावरून ठरलं होतं.

मशीनवर शिवतानाही हे जमतं. चार तुकड्यांच्या ब्लॉकची मधली लांब टीप मारून झाली की मध्याजवळ, फक्त मायेच्या भागातले, आधीच्या उभ्या शिवणींचे दोन-तीन टाके दोन्ही बाजूंनी उसवायचे. मग लांब शिवणीचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली वळवता येतो, चारही माया चक्राकार फिरतात आणि पाठीवर मधोमध करंगळीच्या नखाएवढा, चार तुकड्यांचा एक इवलासा ब्लॉक उमटतो. तो नीट चौकोनी दिसला की पुढचा चौक जुळला आहे हे ब्लॉक न उलटताही कळतं.

यंत्रांनी हे काम बदललं ते टप्प्याटप्प्याने. सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेतल्या घराघरांत मशीन पोहोचलं. मशीनची टीप काठापासून काठापर्यंत जाते, एका शिवणीवरून दुसरी ओलांडते. हातशिलाईत मोकळी राहणारी माया इथे टिपेखाली अडकते. म्हणजे वळवण्याची दिशा चुकली तर नंतर दुरुस्तीला वाव कमी. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावून प्रदर्शन भरवलं, १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली, आणि या कलेला नवा बहर आला. त्या पाठोपाठ १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने गोल पात्याचा रोटरी कटर आणला. कागदी नमुना ठेवून एकेक चौकोन कात्रीने कापण्याऐवजी कापडाच्या अनेक घड्या एकाच वेळी सरळ पट्ट्यांत कापता येऊ लागल्या.

पट्ट्यांच्या पद्धतीत गडद आणि फिकट लांब पट्ट्या आधी एकमेकींना शिवतात, इस्त्री करतात आणि मग आडव्या कापून तयार जोड काढतात. काम झपाट्याने होतं. पण एका इस्त्रीत वीस जोडांची दिशा एकदम ठरून जाते. ती चुकली तर वीसही जोड चुकतात. बाईंच्या वर्गातल्या त्या बाणांच्या कागदाचं कारण हे आहे.

नऊ तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये बाण सोपे असतात. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद-फिकट-गडद, मधल्या ओळीत फिकट-गडद-फिकट. सगळी माया गडदकडे वळवली की वरच्या-खालच्या ओळींची माया बाहेर जाते, मधलीची आत येते, आणि चारही चौक आपोआप एकमेकांत अडकतात. मधे साधे चौकोन येणार असतील तर ब्लॉकच्या कडेची माया साध्या चौकोनाकडे वळवायची, कारण तिकडे शिवणीच नसतात, जाडी कमी असते. गडदकडे वळवण्याला आणखी एक कारण आहे: गडद माया फिकट कापडाखाली गेली तर पुढून सावलीसारखी दिसते. दिशा जुळवण्यासाठी ती फिकटकडे न्यावीच लागली, तर गडद माया फिकट मायेपेक्षा दोन धाग्यांनी अरुंद होईल अशी कातरायची.

पुण्यात परत आल्यावर कापड बदललं. अमेरिकेत क्विल्टसाठीचं सुती कापड ४२ ते ४४ इंच पन्ह्याचं, घट्ट विणीचं मिळतं. इथे विद्यार्थिनी घेऊन येतात आईची जुनी इरकल, गुळेदगुड्डचा खण, हातमागाचं सैल विणीचं कापड, मुलांचे लहान झालेले शर्ट. शर्टांत बऱ्याचदा पॉलिस्टर मिसळलेलं असतं. सुती कापडाला जी इस्त्री लागते तिने पॉलिस्टर आकसतं, चकाकतं, प्रसंगी वितळतं. दोन्ही एका ब्लॉकमध्ये आले तर इस्त्री मंद ठेवावी लागते, आणि मंद इस्त्रीने सुती शिवण बसत नाही. त्यामुळे पहिल्या क्विल्टसाठी शुद्ध सुतीच कापड आणायचं, हा वर्गाचा नियम आहे. कापड आधी धुवायचं, रंग जातो का ते बघायचं, सैल विणीच्या कापडाला खळ द्यायची. खळ दिलेलं कापड कागदासारखं सरळ कापलं जातं, टिपेखाली सरकत नाही आणि माया घडीसारखी ठामपणे वळते.

इस्त्रीचं दुसरं शिक्षण त्यांना गल्लीच्या तोंडावरच्या इस्त्रीवाल्याकडे मिळालं. त्याची कोळशाची इस्त्री चांगलीच जड. तो कापडावर हाताने पाणी शिंपडतो, इस्त्री टेकवतो, तिच्या वजनाला काम करू देतो आणि मग उचलतो. विशेषतः पँटची क्रीज बसवताना तो इस्त्री जराही घासत नाही. बाईंच्या हातातली विजेची इस्त्री हलकी होती आणि वाफ मात्र भरपूर सोडत होती. त्यांनी वाफ बंद केली, जाड पत्र्याची जुनी जड इस्त्री शोधून आणली, आणि एका सुताराकडून सागवानी लाकडाचा हातात मावेल असा ठोकळा करून घेतला. कडा गोलसर, पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला, पण पॉलिश किंवा तेल अजिबात न लावलेला. शिवणीवरून इस्त्री उचलली की लगेच हा ठोकळा त्यावर दाबून ठेवायचा. उष्णता आणि ओलाव्याने सुताचे तंतू मऊ पडलेले असतात. ते गार आणि कोरडे होताना ज्या आकारात असतील तो आकार धरतात. कोरडं लाकूड ओलावा शोषून घेतं आणि कापड दाबाखालीच निवतं. गरम ब्लॉक टेबलावरून उचलून खुर्चीवर टाकला तर शिवण पुन्हा अर्धी उठते.

इस्त्रीच्या पायऱ्याही त्यांनी पक्क्या केल्या आहेत. आधी शिवण न उघडता, तुकडे मिटलेले असतानाच टिपेवर इस्त्री टेकवायची. टाके कापडात बसतात, टीप मारताना आलेली बारीक सुरकुती निघते. मग गडद तुकडा वर ठेवून सुलट्या बाजूने तो उलगडायचा आणि इस्त्रीच्या कडेने शिवणीलगत दाबत जायचं. शिवणीपाशी चुणी राहिली तर ती आत्ताच दिसते. उलट्या बाजूने इस्त्री केली तर ती चुणी मायेखाली लपते, आणि ब्लॉक मोजताना एक सूत कमी भरतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका विद्यार्थिनीचे ब्लॉक मधोमध फुगत. मापं बरोबर, टिपा सरळ, तरी टेबलावर ठेवला की मध्यभाग वर. तिचा ब्लॉक त्रिकोणांचा होता. दोन चौकोन सुलटीवर सुलटी ठेवायचे, कर्णावर पेन्सिलीची रेघ ओढायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची आणि रेघेवर कापायचं. दोन दुरंगी चौकोन मिळतात. या शिवणीची रेघ कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेने जाते आणि उरेब कापड ताणलं की वाढतं. ती भरपूर वाफ सोडून इस्त्री पुढेमागे घासत होती. बाईंनी तिला इस्त्रीत एकच बदल करायला लावला: इस्त्री फक्त उचलायची आणि ठेवायची. शिवाय मापाचाही एक मार्ग सांगितला. तीन इंचांचा तयार चौकोन हवा असेल तर हिशोबाने कापड तीन इंच सात सूत लागतं. त्याऐवजी चार इंच घ्यायचं, शिवून, दाबून, गार झाल्यावर साडेतीन इंचांत छाटायचं. कर्ण बरोबर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाईल अशी पट्टी ठेवून छाटलं की इस्त्रीचा उरलासुरला दोषही निघून जातो. त्या महिन्यात तिचे ब्लॉक सपाट बसू लागले.

त्रिकोणाची टोकं कापली जाणं ही दुसरी नेहमीची तक्रार. टोक कापडाच्या कडेपासून बरोबर पाव इंच खाली असतं. पाठीवर तिथे दोन टिपा एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. शिवताना ती फुली वर दिसेल असा तुकडा ठेवायचा आणि सुई फुलीच्या एक धागा कडेच्या बाजूने न्यायची. एक धागा आत गेली तर टोक बोथट, दोन धागे बाहेर गेली तर टोक हवेत लटकतं. दोन तुकड्यांत एक किंचित लांब झाला असेल तर तो खाली ठेवायचा. मशीनचे दात खालचं कापड जरा जास्त ओढून सामावून घेतात. ही युक्ती सांगलीच्या क्लासातली, बाही लावतानाची. ती इथे जशीच्या तशी उपयोगी पडली.

शिवण उघडण्याची सांगलीची शिस्तही पुढे परत आली. भिरभिऱ्यासारख्या पिनव्हील ब्लॉकमध्ये आठ शिवणी मध्यावर भेटतात. मशीनने शिवल्यावर सगळ्या एका अंगाला वळवल्या तर मधे गाठ होते, क्विल्टिंगची, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवण्याची, सुई तिथे अडते, प्रसंगी मोडते. तिथे बाई शेवटची शिवण उघडून दाबतात. तुकडे इंच-दीड इंचाचे असतील तेव्हाही उघडतात. अशा वेळी त्या टाका लहान करतात, अडीच मिलिमीटरऐवजी दोन, कारण उघडलेल्या शिवणीत सगळा ताण धाग्यावर येतो. शिवणीच्या खाचेतून क्विल्टिंगची टीप न्यायची असेल तर मात्र त्या उघडत नाहीत. उघडलेल्या शिवणीच्या खाचेत कापड नसतं, नुसता धागा असतो. आणि उघडलेल्या शिवणींना अडसर नसल्यामुळे तिथे टाचणी काळजीपूर्वक लावतात: एक टाचणी दोन्ही शिवणींच्या छेदातून सरळ उभी आरपार, तिच्या दोन्ही बाजूंना कापड धरून ठेवणाऱ्या दोन. मधली काढून घ्यायची, मगच टीप. अमेरिकेतल्या क्विल्टकारांत शिवण उघडावी की एका अंगाला वळवावी यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. बाई त्यात कुठल्याच गटात नाहीत. ब्लॉकमध्ये जाडी कुठे साचते ते बघायचं आणि ठरवायचं.

माहिती तंत्रज्ञानात काम करणारी एक तरुण विद्यार्थिनी प्रत्येक चौक भिंगातून बघायची. अर्ध्या धाग्याचा फरक दिसला की उसवायची. चौथ्यांदा उसवल्यावर कापडाच्या कडा ताणल्या, धागे निघाले, आणि जो चौक आधी बरा होता तो बिघडला. बाईंनी तिला ब्लॉक भिंतीवर टाचायला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. जे चौक तिथून खटकतील ते उसवायचे, बाकीचे राहू द्यायचे. तिला दोनच खटकले. क्विल्टच्या मधल्या थरात बहुतेकदा सुती बॅटिंग असतं. ते पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आकसतं आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्यांची नक्षी उमटते. त्यात धागाभर फरक शोधूनही सापडत नाही. एक सुताचा फरक मात्र सापडतो.

एवढ्या काटेकोरपणाने शिकवणाऱ्या बाई वर्गात दोन वेगळ्या परंपरांची छायाचित्रंही दाखवतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर वसलेल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाचे जुने कपडे, डेनिम, कॉर्डरॉय यांचे क्विल्ट शिवले. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. त्यांतल्या पट्ट्या जागोजागी तिरक्या जातात, चौक सरकलेले असतात, आणि रचना तरीही भक्कम उभी राहते. डोळ्यांनी आधी तोललेली आहे म्हणून. दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हळियाळ भागातल्या, घरात कोंकणी बोलणाऱ्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून, तुकड्याची कड आत दुमडून, धावदोरा सगळ्या थरांतून आरपार नेत मध्याकडे येतात. इथे दोन तुकडे सुलटीवर सुलटी ठेवून जोडले जातच नाहीत. म्हणून वळवायची माया नाही, जुळवायचा चौकही नाही. जुन्या लुगड्यांचे थर रचून, वर ठिगळं लावून धावदोऱ्याने शिवलेल्या आपल्या गोधडीचंही तसंच आहे.

हे दाखवण्यामागे त्यांचा हेतू स्पष्ट आहे. पाव इंचाची शिस्त ही बांधणीची गरज आहे, कलेचा दर्जा ठरवण्याचं माप नव्हे. ज्या पद्धतीत तुकडे पाठीमागे माया सोडून जोडले जातात तिथे ती लागते, दुसरीकडे लागत नाही. गोधडी शिवणाऱ्या आजीला कुणी चौक जुळत नाही म्हणून नावं ठेवली तर त्या ते खपवून घेत नाहीत. आणि नऊ तुकड्यांचा ब्लॉक वाकडा आला म्हणून कुणी "गोधडीत असंच असतं" म्हणालं, तर तेही त्यांना चालत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना त्यांचं सांगणं असं: सगळ्या क्विल्टचं कापड एकदम कापू नका. नऊ तुकड्यांचा एकच ब्लॉक आधी शिवा. टिपेवर इस्त्री ठेवा, माया गडदकडे वळवा, वर लाकडाचा ठोकळा दाबा, ब्लॉक पूर्ण गार होऊ द्या आणि मग मोजा. चारही बाजू साडेसहा इंच भरल्या तर उरलेलं कापड बाहेर काढा. कमी भरल्या तर मशीनवरची टेप सुईच्या एक धागा जवळ चिकटवा आणि दुसरा ब्लॉक शिवून पुन्हा मोजा.